गोलाचं घनफळ : एक जाहीर दुरुस्ती

मंडळी, २०२२ च्या आपल्या गणेशोत्सवात मी एक भाषण ठोकलं होतं, ते तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. आठवत नसेल तर उत्तमच. विषय होता ‘प्राचीन भारतीय गणित’, वेळ होती आरती आणि महाप्रसाद यांच्या मधली, आणि श्रोत्यांचं निम्मं लक्ष उकडीच्या मोदकांच्या वासाकडे. अशा वेळी वक्त्याने काहीही सांगितलं तरी टाळ्या पडतात. मी सांगितलं की गोलाचं घनफळ काढायचं अचूक सूत्र आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, अवघ्या अर्ध्या श्लोकात लिहून ठेवलं आहे. टाळ्या पडल्या.

ते सूत्र चुकीचं आहे.

हे मला कळलं ते माझ्या मुलीमुळे. ती तेव्हा नववीत होती आणि शाळेत जॉमेट्री चालू होती. घरी परतताना गाडीत मागच्या सीटवरून प्रश्न आला, "बाबा, तो फॉर्म्युला नक्की काय होता?" मला सांगता येईना. मी तो मुद्दा कुठूनतरी आलेल्या एका फॉरवर्डमधून उचलला होता, आणि त्या फॉरवर्डमध्ये सूत्र नव्हतंच. होता तो फक्त अभिमान. "म्हणजे तू चेक नाही केलंस?" वीस वर्षं मी आय.टी.त कन्सल्टिंग करतोय. टेस्टिंग केल्याशिवाय काहीही प्रॉडक्शनला टाकू नका, हे एकच वाक्य निरनिराळ्या लोकांना निरनिराळ्या शब्दांत सांगून माझं घर चालतं. मी गाडीतला रेडिओ जरा मोठा केला.

पण त्या आठवड्यात आम्ही दोघांनी ते चेक केलं. आर्यभटाचा नियम असा आहे : गोलाच्या बरोबर मध्यातून कापल्यावर जे वर्तुळ मिळतं त्याचं क्षेत्रफळ घ्या आणि त्याला त्याच क्षेत्रफळाच्या वर्गमुळाने गुणा. वर तो असंही म्हणतो की हे उत्तर निःशेष आहे, म्हणजे अगदी काटेकोर. आकडे घालून पाहिलं तर त्रिज्येच्या घनाची ५.५७ पट येते. शाळेतल्या सूत्राने, म्हणजे चार तृतीयांश पाय गुणिले त्रिज्येचा घन, ४.१९ पट येते. जवळजवळ तेहतीस टक्क्यांनी जास्त!

शाळेचं सूत्र तरी बरोबर कशावरून, असा मी शेवटचा बचाव केला. मग मंडळाच्या क्रिकेट टीमचा एक जुना चेंडू प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळला. टेपने परीघ मोजला, साडेबावीस सेंटिमीटर. कणकेच्या परातीत तपेली ठेवली, ती काठोकाठ भरली आणि चेंडू विणकामाच्या सुईने पाण्याखाली दाबून धरला (तो तरंगतो, हे आधी लक्षात आलं नव्हतं). परातीत सांडलेलं पाणी मेजरिंग कपने मोजलं. शाळेच्या हिशेबाने १९२ मिलीलीटर यायला हवं होतं, आर्यभटाच्या हिशेबाने २५६. आलं १९० च्या आसपास.

मुलगी म्हणाली, "मग भाषणातलं बाकीचं?" आणि उत्तराची वाट न पाहता आपल्या खोलीत निघून गेली.

मंडळी, त्या प्रश्नाने माझी झोप उडाली. आपण इथे मुलांना दर रविवारी मराठी शाळेत नेतो, सण करतो, गोष्टी सांगतो, आणि मनात धरून असतो की यातलं काहीतरी त्यांच्याजवळ राहील. त्यातली एक गोष्ट खोटी निघाली तर ती पोरं बाकीच्या सगळ्यांवर फुली मारायला मोकळी. तेव्हा हे पाप निस्तरणं भाग होतं. वडिलांच्या संग्रहातलं ना. ह. फडके यांचं ‘लीलावती पुनर्दर्शन’ पुण्याहून मागवलं. कोलब्रुकने १८१७ साली केलेला लीलावतीचा आणि ब्रह्मगुप्ताच्या गणिताचा इंग्रजी अनुवाद मिळवला. मास्टर्स करताना लायब्ररीत बसलो नसेन इतका बसलो.

प्रथम आर्यभटाबद्दल. हा माणूस साधासुधा नव्हे. परीघ आणि व्यास यांचं गुणोत्तर त्याने ३.१४१६ इतकं बारीक दिलं आहे आणि ते ‘आसन्न’ म्हणजे जवळपासचं आहे, असंही प्रामाणिकपणे सांगितलं आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, हे त्याने लिहिलं. ज्यांचा, म्हणजे आजच्या साईनचा, चोवीस आकड्यांचा तक्ता दिला. तो तक्ता लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. अशा माणसाची चूक का व्हावी?

अभ्यासकांनी बसवलेली संगती मला पटते, कारण ही चूक मी रोज पाहतो. चौरसाच्या क्षेत्रफळाचं वर्गमूळ म्हणजे त्याची बाजू; त्या बाजूने क्षेत्रफळाला गुणलं की घन मिळतो. मग वर्तुळाच्या क्षेत्रफळालाही त्याच्या वर्गमुळाने गुणलं की गोल मिळायला हवा! दिसायला तर्क गोंडस आहे. सूचीच्या म्हणजे पिरॅमिडच्या बाबतीतही त्याने हेच केलं. त्रिकोणाचं क्षेत्रफळ पाया गुणिले उंचीच्या निम्मं असतं, म्हणून त्याने सूचीचं घनफळही तळाचं क्षेत्रफळ गुणिले उंचीच्या निम्मं दिलं. ते खरं तर एक तृतीयांश असतं. सपाट आकृतीत चाललेला नियम तसाच उचलून उंची असलेल्या वस्तूला लावला. आमच्या धंद्यात याला कॉपी-पेस्ट म्हणतात. कोड चालतो, उत्तरही येतं, म्हणून कोणी बघत नाही.

आणि खरोखरच कोणी बघितलं नाही. आर्यभटानंतर १३० वर्षांनी, ६२९ साली, पहिल्या भास्कराने (हे लीलावतीवाले नव्हेत) आर्यभटीयावर टीका लिहिली. त्यात तो लोखंडी गोळ्यासाठीचा एक चालू नियम देतो : त्रिज्येच्या घनाच्या निम्म्याला नवाने गुणा. हा आपला व्यवहारापुरता, ढोबळ, असं म्हणतो आणि आर्यभटाचा तो अचूक मानतो. हिशेब केला तर ढोबळ नियमाने त्रिज्येच्या घनाची साडेचार पट येते आणि ‘अचूक’ नियमाने ५.५७ पट. खरी किंमत ४.१९. म्हणजे ढोबळच जास्त जवळचा! गुरूच्या शब्दापुढे लोखंडाचा गोळा हरला. हे वाचून मला हसू आलं, आणि लगेच परातीची आठवण होऊन ते थांबलं. निदान त्याने मूळ श्लोक तरी वाचला होता.

चीनमध्येही जुन्या ग्रंथात गोलासाठी ही साडेचार पटच होती. तिथल्या ल्यू ह्वी नावाच्या टीकाकाराने २६३ सालीच ती चूक असल्याचं ओळखलं, खरं उत्तर शोधायची धडपड केली, जमलं नाही, आणि मला जमलं नाही, ज्याला जमेल त्याने करावं, असं सरळ लिहून टाकलं. मला तो फार आवडला. दोनशे-अडीचशे वर्षांनी तिथल्याच बापलेकांनी, चू चोंगचिर आणि चू कंग यांनी, ते सोडवलं.

आपल्याकडे मात्र इमारत एकेक वीट करून चढली. राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळातला, नवव्या शतकातला महावीर ढोबळ साडेचार पट देतो आणि सूक्ष्म हवं असेल तर त्यातला दहावा भाग कमी करायला सांगतो; ४.०५, म्हणजे बराच जवळ आला, पण दुसऱ्या बाजूने. श्रीधराचा नियम ४.२२ वर येतो. कुठून काढला याचा पत्ता नियमात नाही. संस्कृत सूत्रं पाठ करायला केलेली, त्यांत रीत मावत नाही; आणि रीत नसली की चूक कुठे आहे ते शोधायचं कसं?

सूचीची दुरुस्ती मात्र आधीच झाली होती. ६२८ साली ब्रह्मगुप्ताने तिचं घनफळ एक तृतीयांश, असं स्वच्छ सांगितलं. त्याने खड्ड्यांचा जो नियम दिलाय त्यावर मी बेहद्द खूश आहे, म्हणून जरा थांबतो. समजा, एक चौकोनी तळं खणायचं आहे. वरची बाजू १० हात, तळाची ४ हात, खोली ६ हात. माती किती निघेल? एक रीत अशी : दोन्ही बाजूंची सरासरी ७, तिचा वर्ग ४९, गुणिले खोली, २९४ घनहात. दुसरी रीत : वरचं आणि खालचं क्षेत्रफळ, १०० आणि १६, त्यांची सरासरी ५८, गुणिले ६, म्हणजे ३४८. खणणारा कंत्राटदार ३४८ म्हणणार, पैसे देणारा २९४ म्हणणार. ब्रह्मगुप्त म्हणतो, दोन्हींतला फरक काढा, ५४. त्याचा तिसरा भाग १८ पहिल्यात मिळवा. ३१२! आजच्या सूत्राने करून पाहा, बरोबर ३१२ च येतात, एक मूठ माती इकडे की तिकडे नाही. तो एक तृतीयांश इथे कोपऱ्यांतल्या तिरक्या सूच्यांमधून आलेला आहे.

आता आपले भास्कराचार्य. जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४, सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेल्या विज्जडवीड गावचे. छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली, ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. ‘लीलावती’ त्याचाच पहिला भाग. (जाता जाता आणखी एक दुरुस्ती. लीलावती ही त्यांची मुलगी, तिच्या लग्नाच्या वेळी घटिकापात्रात मोती पडला, ही गोष्टही मी त्या भाषणात रंगवून सांगितली होती. ती आली आहे १५८७ साली अकबराच्या दरबारातल्या फैजीने केलेल्या फारसी भाषांतरातून, मूळ ग्रंथातून नव्हे.)

लीलावतीत त्यांनी नियम दिला तो असा : वर्तुळाच्या क्षेत्रफळाची चौपट म्हणजे गोलाचं पृष्ठफळ, चेंडूवर विणलेल्या जाळीसारखं सगळीकडून वेढणारं, त्याला व्यासाने गुणून सहाने भागलं की घनफळ. त्यांचं उदाहरण ७ व्यासाच्या गोलाचं आहे. पृष्ठफळ १५३ आणि वर थोडं, घनफळ १७९ आणि वर थोडं. वरचे अपूर्णांकही बिनचूक दिलेले आहेत, मी कॅल्क्युलेटरवर पडताळले (या वेळी!). शिवाय घाईत असलेल्यांसाठी सोपी युक्तीही आहे : व्यासाच्या घनाचं निम्मं करा, त्यात त्याचाच एकविसावा भाग मिळवा. पाय म्हणजे बावीस सप्तमांश धरून आपण जे करतो तेच हे.

पण माझ्या मुलीला सूत्र नको होतं. ते तिच्या पुस्तकात होतंच. तिचा प्रश्न होता, त्यांना कसं कळलं? आणि याचं उत्तर सिद्धान्तशिरोमणीच्या गोलाध्यायात, खुद्द भास्कराचार्यांनीच लिहिलेल्या ‘वासनाभाष्य’ या टीकेत आहे.

तिथे ते आधी लल्ल नावाच्या जुन्या ज्योतिषाचार्यांची हजेरी घेतात. लल्लाने गोलाचं पृष्ठफळ म्हणजे वर्तुळाचं क्षेत्रफळ गुणिले परीघ, असं सांगितलं होतं. सातच्या गोलाला हे लावलं तर १५४ च्या जागी ८४६ येतात. भास्कराचार्य नुसतं ‘चूक’ म्हणून थांबत नाहीत, कापड आणा म्हणतात. गोलाच्या परिघाच्या निम्म्याइतका ज्याचा व्यास आहे असा एक गोल कापडाचा तुकडा कापा. तो चेंडूच्या डोक्यावर ठेवून खाली ओढा. अर्धा चेंडू बरोबर झाकला जातो आणि वर कापड उरतं, चुण्या पडतात. या कापडाचं क्षेत्रफळ मधल्या वर्तुळाच्या साधारण अडीचपट. म्हणजे अर्ध्या चेंडूचं पृष्ठफळ अडीचपटीपेक्षा कमी आणि अख्ख्या चेंडूचं पाचपटीपेक्षा कमी. मग परिघाने गुणायचं कुठून आलं?

हे मी मुलीला सांगत असताना बायको ओट्यापाशी मोदकांची उकड मळत होती. ती म्हणाली, "पारीला कळ्या का पाडतात असं वाटतं तुम्हाला?" बघा, आठशे सत्तर वर्षांपूर्वीचा मुद्दा एका वाक्यात संपला. सपाट पारी सारणाच्या गोळ्याभोवती वर घ्यायची तर ती जास्त होणारच, आणि जास्तीची कळ्यांत जाणार. मुलीने एक पारी घेऊन पाहिली. कळ्या काही धड जमल्या नाहीत, पण पुरावा जमला.

यानंतर येतो आवळा. भास्कराचार्य म्हणतात, गोलावर आवळ्यावरच्या रेघांसारख्या उभ्या रेघा आखा, वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत. इंडियन स्टोअरमध्ये फ्रोझन आवळे मिळाले, पण त्यांच्या रेघा पुसट, म्हणून आम्ही संत्रं घेतलं. समजा गोलाचा परीघ ९६ आहे आणि रेघाही ९६. मग प्रत्येक फाक मधोमध बरोबर १ रुंद, आणि दोन्ही टोकांकडे निमुळती. फाकेची रुंदी कुठे किती, हे कोण सांगणार? ज्यांचा तक्ता! पाव परिघाचे २४ भाग, तक्त्यातल्या ज्याही २४. आर्यभटाच्या तक्त्यातले चोवीस आकडे मुलीने स्प्रेडशीटमध्ये भरले, बेरीज ५४२३३. एकेक पट्टी सरासरी रुंदीने मोजायची म्हणून त्यातून शेवटच्या ज्येचं, म्हणजे ३४३८ चं, निम्मं वजा केलं : ५२५१४. आता १७१९ ने भागा. ३०.५५.

"सो?" मुलगी म्हणाली.

९६ परिघाच्या वर्तुळाचा व्यास किती, ते काढ, असं मी तिला म्हटलं. तिने काढला. ३०.५६.

एका फाकेचं क्षेत्रफळ म्हणजे गोलाचा व्यास. अशा फाका ९६, म्हणजे परिघाइतक्या. सगळं मिळून पृष्ठफळ म्हणजे व्यास गुणिले परीघ, आणि तीच वर्तुळाच्या क्षेत्रफळाची चौपट. राहिलं घनफळ. गोलाच्या पृष्ठभागावर एकेक हाताचे चौकोन कल्पा; प्रत्येक चौकोनावर उभी एक सूची, टोक गोलाच्या मध्यबिंदूत. प्रत्येकीची उंची म्हणजे त्रिज्या. सूचीचं घनफळ एक तृतीयांश. म्हणून पृष्ठफळ गुणिले त्रिज्या भागिले तीन, किंवा पृष्ठफळ गुणिले व्यास भागिले सहा. झालं.

यात कोणाकोणाचा हात आहे ते पाहा. एक तृतीयांश ब्रह्मगुप्ताचा. तिथे आर्यभटाचा निम्मा घातला असता तर पुन्हा फसगत होती. आणि फाकांच्या रुंद्या ज्या तक्त्यातून आल्या तो आर्यभटाचा. त्याची चूक दुरुस्त करायला लागणारी मोजपट्टी त्याने स्वतःच, तेविसाव्या वर्षी, त्याच छोट्या ग्रंथात देऊन ठेवली होती. ती गोलाला लावून पाहायला साडेसहाशे वर्षं गेली.

आता कोणी म्हणेल, हे तर कॅल्क्युलस झालं! मी तसं म्हणणार नाही, एकदा हात पोळले आहेत. ९६ फाकांची बेरीज व्यासाच्या जवळ येते, ३०.५५ आणि ३०.५६, भाग अमर्याद बारीक केले तर काय, याची सिद्धता तिथे नाही. तशा सिद्धतेच्या तोडीचं काम सिराक्यूजच्या आर्किमिडीजने इ.स. पूर्व तिसऱ्या शतकातच केलं होतं. गोल ज्या वृत्तचितीत चपखल बसतो तिच्या घनफळाच्या आणि पृष्ठफळाच्या दोन तृतीयांश गोलाची असतात, हे त्याने सिद्ध केलं आणि त्याचा त्याला एवढा अभिमान, की आपल्या थडग्यावर तीच आकृती कोरायला सांगितली. इ.स. पूर्व ७५ मध्ये सिसेरोला ते थडगं झुडपांत हरवलेलं सापडलं, ते त्या आकृतीवरून. म्हणजे आपल्या आधी साडेतेराशे वर्षं. हे मुलीला सांगताना मला वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही.

लीलावतीचं मला सर्वांत जवळचं वाटणारं प्रकरण मात्र गोलाचं नाही, ते आहे ‘राशिव्यवहार’. रास म्हणजे खळ्यातली रास. माझं आजोळ चाळीसगाव तालुक्यातलं. मळणी झाली की आजोबा राशीभोवती पावलं टाकत एक फेरी मारायचे आणि किती खंडी होईल ते सांगायचे. मापारी मग पायलीने मोजत बसे. आजोबांचा अंदाज फारसा चुकत नसे, आणि आम्हा पोरांना ती जादू वाटे. भास्कराचार्यांनी ही जादू लिहून ठेवली आहे. जाड धान्य असेल तर राशीची उंची परिघाच्या दहाव्या भागाइतकी असते, बारीक धान्य असेल तर अकराव्या, आणि भातासारखं कुसळांचं धान्य असेल तर नवव्या. परिघाचा सहावा भाग घ्या, त्याचा वर्ग करा, उंचीने गुणा. ६० हात परीघ असलेली जाड धान्याची रास म्हणजे ६०० घनहात, आणि एक घनहात म्हणजे एक मागधी खारी. शिडी नको, टेप नको.

इथे पाय सरळ तीन धरलाय, त्यामुळे उत्तर पावणेपाच टक्के फुगतं. ज्याला ३.१४१६ ठाऊक आहे तो माणूस खळ्यात तीन घेतो, कारण तिथे बोटाने हिशेब करायचा आहे. आणि ते दहावा, अकरावा, नववा भाग? कोनात मांडले तर ३२, ३० आणि ३५ अंश येतात. धान्य ओतलं की ते कुठल्या उताराला थांबतं, हे आज सायलो बांधणारे इंजिनिअर तपासतात, तेच हे. रास भिंतीला टेकलेली असेल तर, खोलीच्या कोपऱ्यात असेल तर, घराच्या बाहेरच्या कोपऱ्याला वळसा घालून असेल तर, सगळं दिलेलं आहे. निम्मी, पाव आणि पाऊण रास. ज्याने हे लिहिलं त्याने कोणाच्या तरी ओसरीवर धान्य पडलेलं पाहिलं होतं.

२०२३ च्या डिसेंबरात भारतात गेलो तेव्हा मुलीला घेऊन पाटणादेवीला गेलो. चाळीसगावहून थोड्याच अंतरावर, गौताळ्याच्या जंगलात. लहानपणी आजीबरोबर मी तिथे अनेकदा गेलो होतो, ते देवीला आणि खाऊला. याच पाटण गावात एक शिलालेख मिळाला, तो १९ व्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. लेख शके ११२८ चा, म्हणजे १३ व्या शतकाच्या पहिल्या दशकातला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने आणि त्याच्या भावाने त्याला दान दिलं. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, पण शेवटी, जिथे मठाचा खर्च कसा चालायचा हे ठरतं, तिथे तो मराठीत येतो. कारण ते बाजारातल्या माणसांना कळायला हवं.

संध्याकाळी मामाच्या घरी मी त्या मराठी ओळींचा छापील पाठ मुलीपुढे ठेवला. रविवारच्या शाळेतल्या मराठीवर तिला तो झेपणार नव्हताच, मलाही पहिल्या वाचनात झेपला नव्हता. मिळून अर्थ लावला. गिऱ्हाइकाकडून पाच पोफळी, म्हणजे सुपाऱ्या. जेवढे तेलाचे घाणे चालतील तेवढ्यांनी मठाला एकेक पळी तेल द्यायचं. आणि इथे जे काही मापलं जाईल ते मठाच्या मापाने मापायचं. मापण्याची जी कमाई होईल तिच्यातली अर्धी मठाची, अर्धी मापाऱ्याची. म्हणजे ज्या घरातून घनहाताचा आणि खारीचा हिशेब निघाला, त्याच घराच्या मठाकडे बाजाराचं माप ठेवायला दिलं होतं.

मुलगी ‘पळी’वर अडली. "एक पळी म्हणजे किती मिलीलीटर?"

मला माहीत नव्हतं, आणि या वेळी मी तसं सांगितलं. मामीने कावल्यातली तेलाची पळी पुसून तिच्या हातात दिली. अर्ध्या चेंडूसारखी, जराशी खोलगट. तिने पट्टीने तोंड मोजलं, पाच सेंटिमीटर. व्यासाचा घन १२५, निम्मे साडेबासष्ट, त्यात एकविसावा भाग, मग अख्ख्या गोलाचं निम्मं करायचं. "थर्टी टू पॉइंट सेव्हन," ती म्हणाली आणि मेजरिंग कप मागायला स्वयंपाकघरात गेली. मामीकडे मेजरिंग कप नव्हता. शेवटी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं दहा मिलीलीटरचं टोपण सापडलं. तीन टोपणं भरली, आणि चौथं निम्म्याच्या जरा खाली राहिलं.